केळुस्करांचे चार टक्के

गुरुदत्त केळुस्करांनी स्वतःला पन्नासपैकी पन्नास गुण दिले तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे अंबरनाथ पूर्वेत याबद्दल काय काय बोललं गेलं. कोणी म्हणालं, चष्मा दुरुस्तीला टाकला होता. कोणी म्हणालं, फॉर्म ऑफिसातल्या राजेंद्रने भरला आणि साहेबांनी न बघता सही ठोकली. यातलं काही खरं नाही. फॉर्म त्यांनी स्वतः भरला, सकाळी साडेअकराला, चहा पिऊन, आणि पेनाला टोपण लावताना ते किंचित हसलेसुद्धा.

केळुस्करांचा धंदा इमारती मोजण्याचा. त्याही अजून उभ्या न राहिलेल्या. आर्किटेक्टकडून नकाशे येतात. त्यावरून काँक्रीट किती, विटा किती, प्लास्टर किती, लाद्या किती हे काढायचं आणि कागद बिल्डरच्या हातात द्यायचा, म्हणजे हा हत्ती पोसायला किती चारा लागणार ते त्याला आधी कळतं. एकतीस वर्षं कानसईतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात हेच चाललेलं. पद्धतही तीच. टेबलावर नकाशा पसरायचा आणि जेवढं मोजून झालं तेवढ्यावर रंगीत पेन्सिल फिरवायची. काँक्रीटला लाल, विटांना हिरवी, प्लास्टरला पिवळी. नकाशा पुरता रंगला की इमारत मोजून झाली. कुठे पांढरं राहिलं तर केळुस्कर तिथे बोट ठेवून फक्त ‘हं?’ एवढंच म्हणत, आणि त्या ‘हं’ला घाबरून दोन मुलं नोकरी सोडून गेली, असं राजेंद्र सांगतो. राजेंद्रचं सगळंच खरं धरायचं नसतं. एक मुलगा तर त्याच्यामुळेच गेला.

कल्याणपासून कर्जतपर्यंत केळुस्करांची ख्याती एकाच गोष्टीसाठी: त्यांनी काढून दिलेला माल साईटवर कमी पडत नाही. उल्हासनगर कॅम्प चारचे बिल्डर लछमनशेठ तर गिऱ्हाइकासमोर त्यांची ओळखच तशी करून देत. “ये केळुस्कर साईं. इनका हिसाब मतलब बिल्डिंग खडी समझो.” हे ऐकताना केळुस्कर नम्रपणे खाली बघत. त्यांच्या पत्नी कुंदाताई म्हणतात, खाली बघायचे ते हसू दिसू नये म्हणून.

तर हा फॉर्म लछमनशेठच्या मुलीने, किर्तीने पाठवलेला. किर्ती पुण्याहून आर्किटेक्ट होऊन आली, दोन वर्षं वडिलांच्या केबिनमध्ये गप्प बसली, आणि तिसऱ्या वर्षी वडील गप्प बसले. चिखलोलीत तीन विंगचं काम निघालं होतं. तिने ठरवलं, आधी अख्खी इमारत कंप्युटरात बांधायची. नुसता नकाशा नको. भिंत म्हणजे भिंत, तिची जाडी, तिच्यावरचा प्लास्टरचा थर, दार, खिडकी, खांब, सगळं. अशा मॉडेलवरून जो माल मोजून देईल त्यालाच काम. म्हणून या पट्ट्यातल्या सात कन्सल्टंटांना तिने दहा प्रश्न पाठवले. डिजिटल मॉडेलसाठी तुमच्या कार्यालयाची तयारी किती? प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण, आणि गुण आपले आपणच द्यायचे.

आता इथे केळुस्करांची चूक समजून घ्यायला हवी. ते खोटारडे नव्हेत. एकतीस वर्षं टेंडरं भरलेला माणूस आहे. टेंडरला अटींचा तक्ता असतो. अट मान्य आहे का? मान्य. यंत्रसामग्री आहे का? आहे. जो भला माणूस ‘अंशतः’ असं लिहितो, त्याचं पाकीट त्याच दिवशी बाजूला पडतं. म्हणून सगळे सगळीकडे ‘मान्य’ लिहितात, काम घेतात आणि मग धावपळ करतात. समोर तक्ता दिसला की केळुस्करांचा हात आपोआप चालतो. दहा प्रश्न, दहा पाच.

प्रत फाइलला लावताना राजेंद्र अडखळला. राजेंद्र बदलापूर गावचा, केळुस्करांकडे बावीस वर्षं.

“साहेब, सहावा प्रश्न वाचलाव का? मॉडेल हाताळणारी माणसं. तुमी पाच लिवलंय.”

“ते गुण आहेत रे. माणसं नाहीत.”

“मंग माणसं कितीयत?”

केळुस्करांनी फाइलची दोरी बांधली. खिडकीजवळच्या टेबलावर अनुयाने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. अनुया सिव्हिल इंजिनियर, तीन वर्षांपूर्वी लागलेली. पहिल्याच वर्षी रविवारी-रविवारी जाऊन तिने मॉडेलवरून माल काढायचा कोर्स पुरा केला होता आणि ऑफिसात ते सॉफ्टवेअर घ्यायचं का, असं विचारलं होतं. “आधी पेन्सिल नीट धर,” असं उत्तर मिळालं होतं. तेव्हापासून ती पेन्सिल फार नीट धरत असे.

कुंदाताईंनी तीच प्रत घरी पाहिली. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या; तीस वर्षं गणिताचे पेपर तपासलेल्या.

“अहो, हे तुम्ही स्वतःलाच दिलेत?”

“तसंच द्यायचं होतं.”

“मी एकदा सातवीच्या वर्गाला आपापला पेपर तपासायला दिला होता. हुशार मुलींनी स्वतःचे दोन-दोन मार्क कापले. पैकीच्या पैकी दिले ते एका जितेशने. त्याने पाठीमागचं पान सोडवलंच नव्हतं.”

“झालं तुझं?”

“माझं झालंय. तुमचं पाठीमागचं पान बघा.”

अकराव्या दिवशी किर्तीचा फोन आला. काम केळुस्करांना मिळालं होतं.

“अंकल, बाकी सहा जणांनी दोन, तीन, दोन असं लिहिलंय. तुम्ही एकटेच फुल्ली रेडी! मला वाटलंच नव्हतं. म्हणजे, सॉरी, तसं नाही...”

“नाही नाही, असू दे.”

“मॉडेलची फाइल पाठवतेय. तीन आठवड्यांनी आमच्या ऑफिसला या. मोठा स्क्रीन लावलाय. तुम्ही स्वतः चालवून दाखवा हं, अंकल. पप्पाही बसणार आहेत.”

फोन ठेवून केळुस्करांनी फॉर्मची प्रत पुन्हा काढली. खरं बोलणारी सहा माणसं गेली होती आणि एक खोटं बोललेला निवडून आला होता. यात गंमत होती, पण ती त्यांना दिसेना. ऑफिसचं निम्मं काम लछमनशेठचं. ते गेलं तर राजेंद्रला आणि अनुयाला काय सांगायचं हा एक भाग झाला. पण त्याहून आत काहीतरी टोचत होतं. केळुस्करांनी शब्द दिला आणि तो पोकळ निघाला, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. आता मोठ्या स्क्रीनवर, लछमनशेठसमोर ते दिसणार होतं.

त्यांनी अनुयाला हाक मारली. ती आली आणि उभीच राहिली.

“जमेल का तुला?”

“जमेल, सर. ऑफिसच्या मशीनवर उघडणार नाही. माझा लॅपटॉप आणते. सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने मिळतं.” मग म्हणाली, “पण एक विंग तुम्ही तुमच्या पद्धतीने काढा. मी मॉडेलवरून काढते. दोन्ही जुळतात का ते बघू. नाहीतर मला तरी कसं कळणार, माझं बरोबर आहे ते?”

ही मागणी नम्र होती, पण केळुस्करांना ती शर्यतीच्या आमंत्रणासारखी ऐकू आली. ते एकदम ताजेतवाने झाले. राजेंद्रला लाल पेन्सिलींचा नवा डबा आणायला पिटाळलं.

आणि चालवून स्वतः दाखवायचं होतं, त्यामुळे रोज दुपारी जेवणानंतर अनुयाच्या खुर्चीवर साहेब बसू लागले. मॉडेलमध्ये माऊसने चालावं लागतं. पहिल्या दिवशी केळुस्कर तीनदा लिफ्टच्या खड्ड्यात पडले. दुसऱ्या दिवशी ते भिंतीतून थेट बाहेर निघून अकराव्या मजल्याच्या उंचीवर हवेत लटकले आणि राजेंद्रने हात जोडले. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र अनुयाने त्यांना एक भिंत दाखवली. तिच्यावर टिचकी मारली तशी ती निळी झाली, आणि बाजूला तिची लांबी, उंची, प्लास्टर सगळं लिहून आलं.

“सर, ही तुमची रंगीत पेन्सिलच आहे. जे मोजलं ते रंगतं. राहिलेलं पांढरं दिसतं.”

केळुस्करांनी पुढे वाकून पाहिलं. मग स्वतः दुसऱ्या भिंतीवर टिचकी मारली. ती निळी झाली. नंतर अर्धा तास ते भिंती निळ्या करत बसले होते. चहा गार झाला.

पंधरा दिवसांनी दोघांचे आकडे समोरासमोर आले. काँक्रीटला मॉडेलने सहा टक्के जास्त दाखवलं होतं. केळुस्करांचा चेहरा असा खुलला, की जणू घरात बारसं आहे.

“बीम जिथे स्लॅबमध्ये शिरतो, ती जागा कोणाची धरली आहे? बीमची की स्लॅबची?”

अनुयाने शोधलं. मॉडेल करणाऱ्याने ती दोघांचीही धरली होती. तेवढं काँक्रीट दोनदा मोजलं गेलं होतं. कुंदाताईंना हा किस्सा त्या दिवशी तीन वेळा ऐकायला लागला, तिसऱ्या वेळी त्यांनी कणीक मळताना “आणि मग अनुया काय म्हणाली?” असं स्वतःच विचारून टाकलं, म्हणजे लवकर संपेल.

दुसरा फरक होता प्लास्टरला, खिडक्यांचा. मॉडेलने संडासाच्या झरोक्यासकट प्रत्येक भोक वजा केलं होतं. मोजमापाचा जुना नियम वेगळा आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजाच करायचं नाही. त्याच्या आतल्या कडाही मोजायच्या नाहीत.

“पण सर, कडा मोजता येतात की. मॉडेल प्रत्येक कड देतंय. मग अंदाजपंचे कशाला?”

“अंदाजपंचे नाही गं. झरोक्याच्या चार-चार कडा हाताने मोजत बसलो असतो तर माणूस वेडा झाला असता. म्हणून कोणीतरी शहाण्याने ठरवलं, भोकही सोडा, कडाही सोडा, फिटंफाट.” हे बोलता बोलता केळुस्कर स्वतःच थांबले. इतकी वर्षं तो नियम त्यांना पृथ्वी गोल असण्याइतका कायमचा वाटत आला होता. तो थकलेल्या हाताला दिलेली सवलत होती, हे त्यांनी आज पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. मशीनचा हात थकत नाही. मग सवलत कोणाला द्यायची?

“करार जुन्या नियमाने आहे ना? मग तसंच करू,” अनुया म्हणाली आणि मॉडेलचा आकडा नियमात बसवला. खिडक्यांचा फरक मिटला.

आणि तरीही प्लास्टर जुळेना.

अनुयाचं आलं अठरा हजार चौरस मीटर. केळुस्करांच्या गोषवाऱ्यात, म्हणजे शेवटच्या एकत्र बेरजेच्या पानावर, होतं अठरा हजार सातशे वीस. तिने विटा पाहिल्या. लाद्या पाहिल्या. दुरुस्त केलेलं काँक्रीट पाहिलं. मग राजेंद्रच्या मोजणीच्या मूळ कागदांची बेरीज केली. ती तिच्या आकड्याशी जुळत होती. फरक पडत होता तो फक्त गोषवाऱ्यात. आणि गोषवारा ऑफिसात कोणीच करत नसे. तो साहेब रविवारी सकाळी घरी करत. ऑफिसची रीतच होती ती.

“सर,” ती म्हणाली, “हे सातशे वीस चौरस मीटर कुठल्या भिंतीचं आहे?”

राजेंद्र टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला. तिथे काही पडलेलं नव्हतं.

“बेरजेत चूक असेल,” केळुस्कर म्हणाले.

“सगळीकडे आहे, सर. विटा, लाद्या, सगळ्यात. बरोबर चार टक्के.”

केळुस्करांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग हळूच विचारलं, “मॉडेलमध्ये ते कुठे घालता येईल?”

“घालता येईल. पण मॉडेलमध्ये नुसता आकडा घालता येत नाही, त्याला भिंत लागते. तीन मीटर उंचीची, एकाच बाजूने प्लास्टर केलेली धरली तर दोनशे चाळीस मीटर लांब एक खोटी भिंत उभी करावी लागेल.” अनुयाने हे अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं. “कुठे उभी करू, सर?”

दोनशे चाळीस मीटर. ऑफिसच्या दारातून निघाली असती तर नाक्यावरच्या मेडिकलच्याही पुढे गेली असती. केळुस्करांना ती दिसू लागली: मधोमध उभी, दोन्ही बाजूंनी कोणी राहत नाही अशी, फक्त प्लास्टर केलेली भिंत.

त्या चार टक्क्यांची गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. दोन हजार पाचच्या आधी केळुस्कर काटेकोर माणूस होते. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत, केसाच्या जाडीइतकी चूक झाली तर तुकडा फेकून देणारे. मुलालाही तेच वळण. मांजर्लीत कारखान्यातल्या कामगारांनी मिळून एक लहान सोसायटी बांधायला काढली होती. बारा बिऱ्हाडं, हातात मोजका पैसा. केळुस्करांनी माल काढून दिला, दशांशापर्यंत. लोकांनी तेवढाच आणला. मग त्या जुलैत उल्हास नदी आत आली. तळमजल्यावर रचलेलं सिमेंट पोत्यांतच दगड झालं. उरलेल्यात पुढची बाजू झाली, मागची राहिली. मागे राहायला आल्या होत्या इंदुबाई, कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटून हप्ता भरणाऱ्या. त्यांच्या भिंतीला दोन पावसाळे प्लास्टर लागलं नाही. ओल छतापर्यंत चढली.

पुराला केळुस्कर काय करणार होते? सगळ्यांनी हेच म्हटलं. इंदुबाईंनीसुद्धा दोष दिला नाही. त्यांनी फक्त विचारलं होतं, “साहेब, तुमच्या कागदात आमची भिंत मोजायची राहिली होती का?”

राहिली नव्हती. पिवळी पेन्सिल फिरलेला नकाशा त्यांनी घरी जाऊन तीनदा पाहिला. पण पुढच्या कामाचा गोषवारा करताना हात आपोआप चार टक्के वर गेला. चारच का, ते त्यांनाही ठाऊक नाही. दोन कमी वाटले असतील, पाच लबाडीचे. तेव्हापासून वीस वर्षं प्रत्येक इमारतीत त्यांनी कोणाला न सांगता थोडी जास्त भिंत बांधली.

हे सगळं त्यांनी त्या दुपारी ऑफिसात सांगून टाकलं. अनुया ऐकत होती. राजेंद्र टेबलाखालून वर आला.

“मला ठावं व्हतं,” तो म्हणाला.

“काय ठाऊक होतं?”

“बेरीज माझी असते ना, साहेब. मला वाटलं, तुमी देवाच्या नावाचं घालताव. देवाचं कोन विचारतं?”

मीटिंगला अजून चार दिवस होते. अनुयाने विचारलं, किर्ती आणि लछमनशेठसमोर कुठला आकडा दाखवायचा. केळुस्कर म्हणाले, मॉडेलचा दाखव. मग म्हणाले, नको. मग म्हणाले, उद्या सांगतो. त्या चार दिवसांत त्यांनी एकदा लाद्यांचा आकडा अनुयाच्या नकळत बदलून पाहिला, आणि बदललेला आकडा स्क्रीनवर लाल होऊन उभा राहिला. मॉडेलला तो मान्य नव्हता. केळुस्करांनी चटकन मूळचा लिहिला आणि इकडेतिकडे बघितलं. अनुया खिडकीबाहेर बघत होती. तिने पाहिलं होतं, हे सांगायला नकोच.

कॅम्प चारच्या ऑफिसात स्क्रीन खरंच मोठा होता. लछमनशेठ कोपऱ्यात सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. केळुस्करांनी माऊस हातात घेतला. एकदाही लिफ्टच्या खड्ड्यात न पडता ते तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले, स्वयंपाकघराची भिंत निळी करून दाखवली, आणि माऊस सोडला.

“किर्ती, मला याच्यापुढे येत नाही.”

“म्हणजे?”

“तुझा फॉर्म मी टेंडरसारखा भरला. दहाही उत्तरं खोटी आहेत. मॉडेल आमच्याकडे एकच माणूस हाताळतं, ही अनुया, तेही तिच्या स्वतःच्या मशीनवर. त्यात माझं श्रेय काही नाही. मी तिला दोन वर्षं अडवलं.” आता सुरुवात झालीच होती, म्हणून त्यांनी दुसरंही सांगितलं. चार टक्के. वीस वर्षं. प्रत्येक इमारतीत.

किर्तीने वडिलांकडे पाहिलं. लछमनशेठ हसत होते. आधी पोट हललं, मग आवाज आला.

“अडे साईं! मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“चार. तू चार घालतो, मी चार काढतो. पहिल्या साली माझ्या मुनीमने तुझी बेरीज केली होती. हर आयटममध्ये चार! अरे, चोर असता तर इकडे सात, तिकडे दोन असं घातलं असतं. मी मुनीमला बोललो, हा चोर नाही, हा घाबरलेला माणूस आहे. छोड दे.”

“मग तुम्ही माल मागवायचात तो...”

“तुझा आकडा, मायनस चार.”

“आणि कमी पडायचा?”

“पडायचा कधी कधी. मग मागवायचो अजून. तुला कशाला सांगायचं? तुझं नाव होतं ना, केळुस्करचा माल कमी पडत नाही.” लछमनशेठने डोळे पुसले. “अच्छा नाम था, साईं. मला पण गिऱ्हाइकाला सांगायला चांगलं वाटायचं.”

आपण पकडले जाऊ याची तयारी केळुस्करांनी केली होती. रागाची, अपमानाची, काम जाण्याचीही. या हसण्याची केली नव्हती. म्हणजे वीस वर्षं त्यांनी घातलेली एकही भिंत कुठे पोचली नव्हती. ती प्रत्येक वेळी कॅम्प चारमधल्या एका टेबलावर, एका रेघेने, प्रेमाने खोडली गेली होती. आणि ज्या ख्यातीने ते खाली बघून हसत, ती ख्याती लछमनशेठ नंतर गुपचूप माल मागवून सांभाळत होते. कोणावर रागवायचं तेही कळेना.

किर्ती मात्र हसत नव्हती. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, शाळेतल्या दोन व्रात्य मुलांकडे बघावं तसं.

“पप्पा, म्हणजे वीस वर्षं आपल्याला एकाही बिल्डिंगचा खरा आकडा माहीत नाही?”

“बिल्डिंगा खड्या आहेत ना, बेटा.”

“ते मी नाही विचारलं.” ती केळुस्करांकडे वळली. “अंकल, माल सांडतो हे मलाही माहितेय. तोडफोड होते, पाऊस येतो. चार टक्के लावा ना. पण मोजलेल्या मालात मिसळू नका. वेगळी ओळ करा. त्यावर लिहा, हे इतकं का, आणि खाली तुमची सही. मोजलेल्या मालावर सही अनुयाची. असं चालत असेल तर काम तुमचं. नाहीतर मी मुंबईचे कोणी बघते.”

अनुयाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. केळुस्करांच्या मनात हिशेब झाला: तीन विंग, चारशेवर ओळी, त्यातल्या सगळ्यांवर या मुलीचं नाव आणि एका ओळीवर आपलं. त्यांनी मान हलवली. “चालेल.”

“आणि अंकल, चारच का? तीन का नाही? सहा का नाही?”

इंदुबाईंची भिंत हे उत्तर होतं, पण ते कागदावर लिहिता येण्यासारखं नव्हतं. “मला एक महिना दे,” ते म्हणाले.

मुंबईच्या माणसाला एवढ्या वेळात तिने तीन इमारती मोजायला लावल्या असत्या. पण तिने महिना दिला. सोफ्यावरून लछमनशेठ म्हणाले, बेलवलीला आपलं एक काम चालू आहे, तिकडे जा, कोणी अडवणार नाही.

म्हणून हल्ली अठ्ठावन्न वर्षांचे केळुस्कर आठवड्यातून चार दिवस बेलवलीच्या साईटवर असतात. ऑफिस अनुया बघते. उन्हात काळे पडलेत, आणि कुंदाताईंनी त्यांच्यासाठी रुंद कडेची टोपी घेतली आहे, जी घालून ते एखाद्या फिरायला आलेल्या पाहुण्यासारखे दिसतात. भिंतीच्या पायाशी प्लास्टिक अंथरायचं, गवंड्याच्या थापीतून जो माल खाली पडेल तो भिंत झाल्यावर गोळा करायचा, आणि राजेंद्रने वजनकाट्यावर टाकायचा. इमारती नकाशावर मोजण्यात आयुष्य गेलं. जे भिंतीला लागत नाही ते मोजायची ही पहिलीच वेळ.

पहिल्या भिंतीला दीड टक्का आला. दुसऱ्या भिंतीला सव्वा. केळुस्कर चमकले. प्लास्टर करणारे रामभाऊ, साठीचे, तोंडात सुपारी.

“रामभाऊ, एवढाच पडतो?”

“तुमी समोर हुबे ऱ्हायल्यावर कोन पाडील?” रामभाऊ थापी पुसत म्हणाले. “नव्या सुनंसारका काम करतोय दोन दिस. आंग दुखाया लागलं.”

राजेंद्र इतका हसला की काट्यावरची पाटी कलंडली.

“मग नेहमी किती पडतो?”

“मला काय ठावं? मी वर बगतो, साहेब. खाली पडल्यालं कोन बगतं?”

केळुस्करांनी दोन्ही आकडे खोडले. एक पालथं घमेलं घेतलं, पलीकडच्या कमरेएवढ्या भिंतीआड नेऊन ठेवलं आणि त्यावर पाठ करून बसले. टोपी डोक्यावरच होती.

“रामभाऊ, मी इथे नाही.”

“टोपी दिसतीया.”

टोपी खाली गेली. थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग कोणाशी तरी घरचं बोलणं सुरू झालं, थापी भिंतीवर आपटू लागली, आणि प्लास्टिकवर माल पडल्याचा पहिला आवाज आला. केळुस्करांनी वहीत वेळ लिहिली आणि पाठ न वळवता ऐकत राहिले.